२५.३ म्हणजे किती? विहिरीतल्या नायट्रेटमागे गेलेलं दीड वर्ष

एप्रिल २०२४. वहिनी माहेराहून बाळाला घेऊन आली तेव्हा ते साडेतीन महिन्यांचं होतं. अंगावरचं दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध चालू करायला सांगितलेलं. ते कालवायला पाणी आमच्या विहिरीचं, दहा मिनिटं खळखळून उकळलेलं आणि दुपदरी फडक्याने गाळलेलं. त्या काळात घरात याहून जास्त काळजी कोणी कशाचीच घेतली नसेल.

आमचं गाव मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. विहीर आजोबांनी खोदलेली, पंचावन्न फूट, नंतर तळाला बोअर मारलेला. एका अंगाला गोठा, गोठ्याला लागून उकिरडा, बाकी सगळीकडे बाग. मी तेव्हा अमरावतीला पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला होते. नायट्रेट, म्हणजे खतातून आणि शेणामुतातून पाण्यात उतरणाऱ्या नत्राचं एक रूप. त्यावरचा पाच मार्कांचा प्रश्न परीक्षेत लिहून झाला होता. तो घरच्या विहिरीलाही लागू होऊ शकतो, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

मेच्या शेवटी ते आलं. जलजीवन मिशनमध्ये किटने पाणी तपासायचं प्रशिक्षण गावातल्या पाच बायकांना मिळालेलं, त्यातल्या एक आमच्या शेजारच्या काकू. नळाचं पाणी तपासून झाल्यावर त्यांनी हौसेने आमच्या विहिरीचंही तपासलं. नायट्रेटच्या नळीत चिमूटभर पावडर टाकून हलवली आणि ओट्यावर ठेवली. पाणी आधी कण्हेरीच्या फुलासारखं फिकट गुलाबी झालं, मग बघता बघता राणी रंगाचं. रंगपट्टीवरच्या शेवटच्या चौकटीहूनही गडद. काकू खूश होऊन म्हणाल्या, "रंग तं मस्त आला वं!"

मला घाम फुटला. नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे आम्ही बाळाचं पाणी रोज थोडं थोडं घट्ट करत होतो. तुरटी, क्लोरीन, फडकं, कँडलचा फिल्टर, यूव्ही, यांतल्या कशानेही ते निघत नाही. लहान बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. बाळ निळसर पडतं. १९४५ मध्ये अमेरिकेत आयोवामधल्या कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध पहिल्यांदा मांडला. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी दीड महिना मी त्याच घरात शनिवार-रविवार येऊन जात होते.

त्याच दिवशी गावातल्या आरओ प्लांटचा वीस लिटरचा जार बाळासाठी चालू केला. डॉक्टरांनी ओठ आणि नखं बघितली, बाळ ठणठणीत होतं. आजीला मात्र हा सगळा प्रकार अपमानासारखा वाटला. "आमी याच पाण्यावर मोठे झालो ना? गोड पाणी हाय आपलं." गोड आहेच. नायट्रेटला चव नसते, रंग नसतो, वास नसतो.

किटचा रंग हा अंदाज असतो, खरा आकडा प्रयोगशाळेतूनच येतो. नळाच्या उद्भवाचे नमुने ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ठरल्या वेळी नेतो, पण खाजगी विहीर कोणाच्याच यादीत नसते. म्हणून १४ जूनला मी स्वतः एका खाजगी प्रयोगशाळेत नमुना दिला. एका नमुन्याचे ७०० रुपये. नमुना घ्यायची एक रीत आहे. मोटर दहा मिनिटं चालू द्यायची, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, काठोकाठ भरून बूच लावायचं आणि बाटली बर्फाच्या डब्यात अंधारात न्यायची. दोन दिवसांत तपासणी व्हायला हवी, नाहीतर जंतू आतल्या आत नायट्रेट खातात आणि आकडा फसवा येतो. बर्फ मी मोर्शीच्या आइस्क्रीमवाल्याकडून घेतला, २० रुपयांचा.

अहवाल यायला ९ जुलै उजाडला. पंचवीस दिवस आणि सहा फोन. बाबांनी तो फोनवर वाचून दाखवला: नायट्रेट २५.३, मर्यादा ४५. घरात दिवाळी. आजीने तर जार परत करायला सांगितला. मलाही पाच मिनिटं हायसं वाटलं, मग मी म्हटलं, बाबा, फोटो पाठवा. २५.३ च्या पुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'नायट्रोजनच्या रूपात'. आणि शेजारच्या रकान्यातली ४५ ही मर्यादा होती पूर्ण नायट्रेटची. एकाच ओळीत दोन वेगळी मापं. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं. २५.३ गुणिले ४.४३ म्हणजे ११२.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. अहवाल हातात आला की आधी विचारा, आकडा नायट्रेटचा की नायट्रोजनचा? भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, आणि 'दुसरा स्रोत नसेल तर थोडं जास्त चालेल' अशी जी सवलत इतर काही घटकांना आहे, ती नायट्रेटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५०. आमचं पाणी कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

ऑगस्टमध्ये प्रबंधाचा विषय द्यायचा होता. माझ्या यादीत सांडपाण्यावरचा एक सुरक्षित विषय होता. तो खोडून मी लिहिलं, 'विद्युत-रासायनिक पद्धतीने भूजलातील नायट्रेट काढणे'. सिनॉप्सिसच्या दिवशी समितीतल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आरओ असताना हे कशाला?" प्रश्न रास्त होता. माझं उत्तर तेव्हा अडखळत आलं, आज नीट सांगते. आरओ नायट्रेट नष्ट करत नाही, ते फक्त बाजूला सारतं. नायट्रेटने गच्च झालेलं वाया पाणी मोरीतून त्याच जमिनीत जातं आणि फिरून विहिरीत येतं. विजेने मात्र नायट्रेट मोडता येतं. पाण्यात दोन पत्रे उभे करायचे, डीसी करंट सोडायचा. ऋण पत्र्यावर, म्हणजे कॅथोडवर, नायट्रेटला इलेक्ट्रॉन मिळतात. पाच मिळाले तर त्याचा नायट्रोजन वायू होतो, आपल्या हवेत पाऊण हिश्श्याहून जास्त असलेला तोच, आणि तो बुडबुड्यांनी उडून जातो. आठ मिळाले तर मात्र अमोनिया होतो. विषय मंजूर झाला, शेरा पडला: 'उपपदार्थांचे मापन अनिवार्य.' या शेऱ्याने मला पुढे रडवलं आणि वाचवलंही.

सप्टेंबर-ऑक्टोबर खरेदीत गेले. इंडेंट (खरेदीचा मागणी अर्ज), तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, विभागप्रमुखांची सही, मग लेखा विभाग. ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा डीसी सप्लाय करासकट ८,४९६ रुपयांना पडला. ॲनोडसाठी, म्हणजे धन पत्र्यासाठी, टायटॅनियमची जाळी हवी होती, वर रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा लेप असलेली. ती मुंबईहून मागवावी लागली, दोन तुकडे, करासकट ६,३७२. आगाऊ रक्कम मिळत नाही. पैसे आपण भरायचे आणि बिल लावायचं. माझं पहिलं बिल परत आलं, कारण ते माझ्या नावावर होतं. बिल कॉलेजच्या नावाने आणि कॉलेजच्या जीएसटी नंबरासकटच घ्या, नाहीतर पुरवठादाराच्या मागे लागून ते बदलून घेण्यात महिना जातो. माझा गेला.

कॅथोडसाठी तांबं हवं होतं. ते कुठल्या कॅटलॉगमधून न मागवता मी भांड्यांच्या दुकानात गेले आणि तांब्याच्या पत्र्याचे दहा बाय दहा सेंटिमीटरचे दोन तुकडे कापून घेतले. ४८० रुपये. दुकानदाराने विचारलं, "देवाचं यंत्र कोरायचंय का?" हो म्हटलं. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

जाळी येईपर्यंत थांबवेना म्हणून ११ नोव्हेंबरला पहिला प्रयोग ग्रॅफाइटच्या ॲनोडवर लावला. घरून दोन कॅन पाणी एसटीने आणलेलं. दहा लिटर पाणी प्लास्टिकच्या टाकीत, पत्र्यांमध्ये एक सेंटिमीटर अंतर, दोन अँपिअर करंट. कागदावरचा हिशेब असा होता: लिटरमागे ७२ मिलिग्रॅम नायट्रेट काढायचं, प्रत्येकी आठ इलेक्ट्रॉन धरले तरी सव्वा तासात काम फत्ते. प्रत्यक्षात पाच तास लागले. करंटमधला जेमतेम चौथा हिस्सा नायट्रेटच्या कामी आला, उरलेला बराचसा पाण्यातून हायड्रोजन काढण्यात गेला. दोन अँपिअर ढकलायला २४ व्होल्ट लागत होते, त्यामुळे पाणी अंघोळीचं असावं तसं कोमट झालं. ग्रॅफाइट झिजून तळाला काळी भुकटी साचली. (खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा चालू, हे विसरू नका. हायड्रोजन आहे तो, जवळ काडी ओढायची नाही.)

संध्याकाळी साडेसहाला नायट्रेट मोजलं: ४१. मी प्रयोगशाळेतच उडी मारली आणि बाबांना फोन केला, "बाबा, झालं!" ते म्हणाले, "मंग आता पेता येते?"

तोवर पाण्याला एक वास यायला लागला होता. ओळखीचा, पण जागा चुकलेला. थोड्या वेळाने लक्षात आलं, हा गोठ्याचा वास आहे. दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजला. नायट्रोजनच्या रूपात १२.४. मानकाची मर्यादा ०.५. नायट्राइटच्या नळीत औषध टाकलं आणि पुन्हा तोच राणी रंग, काकूंच्या ओट्यावरचा. त्या वेळी किटने नायट्रेटचं नायट्राइट करून रंग दाखवला होता, इथे नायट्राइट मीच बनवलं होतं, लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ३, आणि बाळाला निळं पाडतं ते नायट्राइटच.

ताळा मांडला. सुरुवातीला नायट्रोजन २५.३. उरलेल्या नायट्रेटमध्ये ९.३, अमोनियात १२.४, नायट्राइटमध्ये १.३. हिशेबात न सापडणारा, म्हणजे बहुतेक वायू होऊन गेलेला, फक्त २.३. सोळा भाग मोडले आणि त्यातले दोन-अडीच हवेत गेले. बाकी पाण्यातच होते, फक्त कपडे बदलून. गाइड मॅडमना कागद दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अर्धे लोक नायट्रेट मोजून थांबतात. तू थांबली नाहीस, चांगलं झालं." मला ते कौतुक वाटलं नाही. त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेकडे फिरकलेच नाही, मेसमध्ये बसून सिरीयल बघितल्या.

डिसेंबरात जाळी आली आणि नवीनच दुखणं निघालं. चौथ्या प्रयोगात व्होल्टेज आपोआप चढत ३० ला भिडलं आणि करंट पडायला लागला. पत्रा बाहेर काढला तर तांबं दिसतच नव्हतं. चुन्याची सफेदी केलेल्या भिंतीसारखा पांढरा थर, नखाने खरवडला तर खपली निघत होती. आमचं पाणी जड, कडकपणा ४६०. कॅथोडजवळ पाणी अल्कधर्मी होतं आणि तिथेच कॅल्शियम जाऊन बसतं. पुस्तकात यावर एक ओळ होती, माझे तीन आठवडे गेले. शेवटी जमलं ते असं: दर दोन प्रयोगांनंतर पत्रे किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवायचे. फेस येतो, थर सुटतो, तांबं पुन्हा लाल दिसतं. पितळेची समई चिंचेने घासतो त्यातलाच प्रकार.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पेपरात केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालाची बातमी आली. देशातल्या साधारण वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर, महाराष्ट्रात पस्तीस टक्क्यांहून जास्त, आणि सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलडाणा, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव यांच्यासोबत अमरावती. बाबांनी ते कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं, खाली काहीही न लिहिता. विहिरीचं पाणी गोड आहे हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

जानेवारी-फेब्रुवारी मिठाचे. नवीन ॲनोडचं काम हेच की मिठातल्या क्लोराइडपासून तो क्लोरीन बनवतो आणि क्लोरीन अमोनियाला मोडून नायट्रोजन वायू करतो. एक भाग अमोनिया-नायट्रोजनला सुमारे साडेसात भाग क्लोरीन लागतो. लिटरला अर्धा ग्रॅम मीठ टाकलं. वीज वाहणं सोपं झालं, २४ व्होल्टचं काम १३ वर आलं. पण नायट्राइट बनलं रे बनलं की क्लोरीन त्याचं पुन्हा नायट्रेट करून टाकतो, त्यामुळे पाचाचे सहा तास झाले. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या सुट्टीत शिपायाकडून कुलूप उघडवून लावलेल्या प्रयोगात आकडे आले: नायट्रेट ४३, अमोनिया ०.३, नायट्राइट नाही. आणि मोकळा क्लोरीन ६, म्हणजे पोहण्याच्या तलावाचा वास. तो काढायला दाणेदार कोळशाचा फिल्टर लावला. या वेळी फोन केला नाही, ताळा तीनदा तपासला.

तरीही ते पाणी मी प्यायले नाही आणि कोणाला देणार नाही. मिठामुळे क्लोराइड चारशेच्या घरात गेलं, चव मचूळ झाली. शिवाय अशा टाकीत क्लोरीनपासून क्लोरेट हे अपायकारक उपपदार्थ तयार होऊ शकतं आणि ते मोजायचं यंत्र आमच्या कॉलेजात नाही. विजेचा खर्च हजार लिटरला पंधरा-सोळा युनिट, आणि तोही माझी टाकी नीट वागली त्या दिवशीचा. प्रबंधात हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. १८ जून २०२५ ला सादर केला, जुलैत तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, आरओ असताना हे कशाला? या वेळी मी ताळ्याचा तक्ता पुढे केला आणि म्हटलं, घरासाठी आज आरओच, पण आरओचं वाया पाणी कुठे जातं तिथे हे वापरून बघायला हवं. त्यात क्षार जास्त, वीज सहज वाहते, आणि ते कोणी पिणार नसतं.

कोणाला असला विषय घ्यायचा असेल तर पैशांचं सांगते. डीसी सप्लाय आणि जाळी मिळून १४,८६८, रसायनं ३,१००, तांबं ४८०, बाहेरच्या पाच तपासण्या ३,५००, एसटी आणि पाण्याच्या कॅनचं भाडं २,६००. एकूण २४,५४८. पैकी सप्लाय आणि जाळीचे पैसे कॉलेजने दिले, ऑगस्टमध्ये. बाकीचे ९,६८० माझे, म्हणजे बाबांचे.

त्या बाबांनी ऐकलं ते माझ्या यंत्राचं नाही, एका वेगळ्याच हिशेबाचं. मेमध्ये घरी बसून प्रबंध लिहिताना सहज म्हटलं, आपल्या विहिरीच्या दर हजार लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम नत्र आहे. त्यांनी विचारलं, "युरियाच्या गोणीत किती?" पंचेचाळीस किलोच्या गोणीत वीस किलो सातशे ग्रॅम. म्हणजे साधारण आठ लाख लिटर पाणी बागेला दिलं की युरियाची एक गोणी आपोआप पडते. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे मीच टाकतो, मीच उपसतो, अन् वरून पुन्हा टाकतो." या मृग बहाराला त्यांनी युरिया निम्म्यावर आणला. उकिरडा गोठ्यामागे, विहिरीच्या उताराखाली हलवला, तळाला जुनी ताडपत्री टाकून. दिवाळीआधी नमुना दिला, आला ११८. पावसाने वरचं सगळं खाली धुऊन नेलं, पावसाळ्यानंतर असं होतं हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर घरचे उकिरडा परत आणतील. पुढचा नमुना मेमध्ये. बाळ आता जवळपास दोन वर्षांचं आहे, जारची तोटी स्वतः उघडतं आणि बंद करत नाही.

माझ्या टाकीवर आता एक ज्युनियर मुलगी काम करते आहे. ती दर वीस मिनिटांनी करंटची दिशा उलटवते, थर साचत नाही म्हणते. त्यासाठी तिने दोन्ही पत्रे टायटॅनियमच्या जाळीचे केले, तांबं काढून टाकलं. ते दोन तुकडे मी घरी आणले.

पदवीचं प्रमाणपत्र मात्र अडकलं होतं. डीसी सप्लाय डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेला नव्हता, म्हणून नो ड्यूजवर (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यावर) सही होईना. बिलाची झेरॉक्स, इंडेंटची प्रत आणि सप्लायचा फोटो घेऊन तीन चकरा मारल्या. परवा तो चढला, मागे पांढऱ्या ऑइलपेंटने नंबरही टाकला, आणि पेंट वाळायच्या आत मी सही घेतली.